विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळची सुई : पुण्यातल्या एका दंत दवाखान्याचं प्रकरण

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला एका धाकट्या मैत्रिणीचा फोन आला. टिळक रस्त्याच्या आतल्या बाजूला, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचा दातांचा दवाखाना आहे. "ताई, आमच्या मावशींना सुई टोचलीये. परवा संध्याकाळी. आत्ता सांगतायत." मी विचारलं, "किती वाजता?" तिने फोन बाजूला धरून आत विचारलं. साडेआठच्या सुमारास. म्हणजे ३८ तास उलटून गेले होते.

मी २८ वर्षं दात पाहतेय. गेली काही वर्षं ओळखीच्या दवाखान्यांना निर्जंतुकीकरण, कचरा आणि परवाने यांची घडी बसवायला मदतही करते. हे प्रकरण मावशी आणि डॉक्टर दोघींना विचारून लिहिते आहे, आणि दोघींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण एवढंच की या दवाखान्यात सगळे परवाने होते. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर चार फ्रेम ओळीने लावलेल्या: दंत परिषदेची नोंदणी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या केंद्राचं सभासदत्व आणि एक्स-रे यंत्राचा अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. चारही अस्सल. माझी मैत्रीण प्रामाणिक आहे, हात चांगला आहे, रुग्णाशी गोड बोलते. तरीही ती सुई टोचली, आणि ती का टोचली हे शोधत गेलो तेव्हा सुईपेक्षा बरंच मोठं काहीतरी हाती आलं.

पहिला दिवस

सुई टोचली की जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. मावशींनी बोट पिळलं, चोखलं, स्पिरिटचा बोळा दाबून धरला, वर पट्टी लावली आणि उरलेले ट्रे घासायला घेतले. त्यांना यातलं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, हिपॅटायटिस सीचा जुन्या अंदाजांनुसार दोन टक्क्यांच्या आसपास, आणि हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला बीचा धोका ६ ते ३० टक्के. फोनवर मैत्रीण फक्त एचआयव्हीबद्दल विचारत होती. सगळेच तसं करतात. मी विचारलं, "मावशींची बीची लस?" ती म्हणाली, "दिलीये ना, फाईलमध्ये आहे." मी म्हटलं, कार्ड काढ. कार्डावर एकच तारीख होती. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांपैकी पहिला. दुसऱ्याच्या वेळी मावशी गावाला गेल्या होत्या, तिसऱ्याची आठवण कुणालाच राहिली नाही. फाईलच्या पहिल्या पानावर मात्र "हिपॅटायटिस बी : होय" असं लिहिलेलं.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. "होय" लिहून ती पुरी होत नाही.

एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. आमच्या हातात ३४ तास होते. मैत्रीण म्हणाली, "आमच्याच लॅबवाल्याकडून गुपचूप एचआयव्ही करून घेऊ का आधी? मावशींना उगाच भीती नको." मी तिला तिथेच थांबवलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच ही तपासणी करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा. त्याच कायद्यात अशा संसर्गाचा धोका असलेल्या कामगाराला सुरक्षित कामाची जागा आणि गरज पडल्यास ही प्रतिबंधक औषधं देण्याचं बंधन मालकावर आहे. मावशी घाबरणार होत्या. पण त्यांचं रक्त त्यांचं होतं.

ससून या सरकारी रुग्णालयात जायचं ठरलं. टिळक रस्त्यावर शेवटची मंडळं अजून चालत होती, रस्त्यावर गुलाल आणि चपलांचा खच. मी रिक्षा घेऊन स्वारगेटकडून आले, तिथेच दोघींना घेतलं आणि शंकरशेठ रस्त्याने कॅम्पातून स्टेशनच्या बाजूला गेलो. मावशी सगळा वेळ पट्टी लावलेलं बोट पदरात धरून बसल्या होत्या.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सुई कुणाला वापरलेली? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ती डब्यातली सुई होती, गेल्या आठवड्याभरातल्या कुणाचीही असू शकत होती. त्यांनी समुपदेशन करून, संमती घेऊन रक्त घेतलं आणि गोळी सुरू केली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकत्र असलेली दिवसातून एक, २८ दिवस. पुढच्या तपासण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. बीविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्या दिवशी कळली, १० च्या खाली. म्हणजे संरक्षण नाही. त्याच दिवशी हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन दिलं आणि दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस. इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत दिलेलं चांगलं, टोचल्याच्या घटनेत सात दिवसांपर्यंत देता येतं. ते महाग असतं. खर्च दवाखान्याने केला, आणि तो दवाखान्याचाच होता.

रिक्षात परतताना मी मावशींना विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं?

"सणाच्या तोंडावर कशाला डॉक्टरांना ताप? आणि टोचतंच की मॅडम अधूनमधून. रोजचंच आहे ते. सुट्टी घ्या म्हटल्या असत्या, मग दिवस कापला गेला असता."

मैत्रीण खिडकीबाहेर बघत राहिली. सुट्टीचा पगार ती कापत होती, हे खरं होतं.

त्या संध्याकाळी काय झालं

पुढचे तीन दिवस मी संध्याकाळी त्या दवाखान्यात जाऊन बसले. प्रश्न विचारत बसण्यापेक्षा मावशींच्या शेजारी, सिंकपाशी उभी राहिले.

कचऱ्याची गाडी दिवसाआड येते. विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर, कुमठेकर सगळे बंद, आणि मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. म्हणून आदल्या दिवशीची फेरी गर्दी टाळायला सकाळी आठलाच येऊन गेली. दवाखाना दहाला उघडतो. कुलूप बघून गाडी गेली. पुढची फेरी दोन दिवसांनी, म्हणजे नेमकी रस्ते बंद असतानाची. रक्ताने भिजलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे, आणि ठेवावाच लागला तर कारण देऊन मंडळाला कळवायचं असतं. हे दुसरं वाक्य मैत्रिणीला माहीत नव्हतं. गाडीवाल्याचा फोन नंबरही कुणाकडे नव्हता.

सुयांचा पांढरा डबा त्या संध्याकाळी गच्च भरला होता. तो तीन-चतुर्थांश भरला की बंद करून द्यायचा. इथे तो इतक्या लवकर भरला त्याचं कारण वेगळंच. सुया जाळायचं यंत्र तीन आठवड्यांपूर्वी बिघडलं होतं. त्यामुळे सुई लावलेली अख्खी सिरिंज डब्यात जात होती, आणि डबा महिन्याऐवजी आठवड्यात भरत होता. नवा डबा मागवलेला, पण माल गणपतीच्या सुट्टीत कुठेतरी अडकलेला. साडेआठला बाहेर तीन पेशंट बसलेले, दुसऱ्या खुर्चीवर लहान मुलगा रडतोय, डॉक्टर आतून हाका मारतायत, "मावशी, ट्रे!" मावशींनी डबा दोन-तीनदा हलवला, खाली बसेल म्हणून, आणि झाकण दाबलं. झाकणाच्या फटीतून एक सुई वर आली आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, ग्लोव्हमधून, पहिल्या पेराच्या जरा वर गेली.

ही जागा मी त्यांच्या बोटावर पाहिली. काळसर ठिपका राहिला होता, खसखशीएवढा.

नियमांच्या भाषेत हा मोठा अपघात ठरत नाही. सुई टोचणं त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेलं आहे. त्याची नोंद ठेवायची आणि ३० जूनपर्यंत जाणाऱ्या वार्षिक अहवालात ती दाखवायची. मागच्या वर्षीचा अहवाल काढला. अपघातांच्या रकान्यात शून्य. "रोजचंच आहे" म्हणणाऱ्या बाईच्या दवाखान्यात शून्य.

एक गोष्ट मात्र मला सुखावून गेली. कचऱ्याच्या डब्यांवरचे तक्ते इंग्रजीत होते. मावशी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांना विचारलं, कुठल्या डब्यात काय टाकता? त्यांनी न अडखळता सांगितलं, "पिवळ्यात रक्ताचं, लालमध्ये रबराचं, पांढऱ्यात टोचणारं, निळ्यात फुटणारं." सिरिंजसारखं प्लॅस्टिक त्या रबरातच धरायच्या. काढलेला दात? "रक्ताचाच की तो." आणि चांदी भरलेला असला तर? तिथे त्या थांबल्या. अमाल्गम, म्हणजे पारा मिसळलेली ती चांदी, भरलेला दात पिवळ्यात टाकायचा नाही, कारण पिवळी पिशवी भट्टीत जाळली जाते आणि पाऱ्याची वाफ होते. हे एक सोडलं तर मावशींची विभागणी तक्त्यापेक्षा सोपी आणि बरोबर होती. कुणी शिकवलं? कचरा नेणाऱ्या पोराने, जिन्यात उभं राहून.

रजिस्टर आणि गणित

तिसऱ्या दिवशी मी ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, रजिस्टर मागितलं. छान बांधलेलं, प्रत्येक पानावर डॉक्टरांची सही. रोज दोन नोंदी, "१२१ अंश, १५ मिनिटं, ठीक". पानामागून पान एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एकाच तिरकेपणाने. मी गणेश चतुर्थीची तारीख शोधली. दवाखाना बंद होता. "१२१, १५, ठीक." अनंत चतुर्दशी. बंद. "१२१, १५, ठीक." रिसेप्शनवरची मुलगी अधूनमधून बसून बऱ्याच दिवसांचं एकदम लिहायची, तपासणी आली तर रिकामं दिसू नये म्हणून. तिला तसंच सांगितलेलं होतं.

माझं मत इथे पक्कं आहे. कोरं रजिस्टर मला चालतं, त्यावरून निदान कळतं की काय होत नाहीये. खोटं भरलेलं रजिस्टर डॉक्टरला स्वतःच्याच दवाखान्याबद्दल आंधळं करतं. माझी मैत्रीण त्या सह्या करताना खरंच समजत होती की सगळं ठीक आहे.

मग मी अपॉइंटमेंटची वही घेतली आणि एका आठवड्याच्या संध्याकाळी एकेक नाव मोजत गेले. पाच ते नऊ, दोन खुर्च्या, सरासरी १६ पेशंट, त्यांतल्या ११ जणांना ड्रिल लागलेलं. दवाखान्यात एअररोटर हँडपीस, म्हणजे ड्रिलचा तोंडात जाणारा भाग, किती? दोन. ऑटोक्लेव्हचं एक चक्र मी घड्याळ लावून पाहिलं. तापणं, १२१ वर धरणं, दाब उतरणं, सुकणं, सगळं मिळून ५० मिनिटं. त्याआधी घासणं, हँडपीसला तेल, पाऊचमध्ये भरून सील करणं. मावशी एकट्या. संध्याकाळभरात दोनच चक्रं व्हायची. सुरुवातीला दोन हँडपीस निर्जंतुक, पुढच्या दोन चक्रांत आणखी चार वेळा. एकूण सहा. अकरातून सहा गेले, उरले पाच.

त्या पाच माणसांच्या तोंडात गेलेला हँडपीस स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेला होता.

एअररोटर थांबतो त्या क्षणी आत उलटी ओढ बसते आणि तोंडातली लाळ, रक्त टर्बाईनच्या आत जातं. पुढच्या माणसासाठी सुरू केला की तेच बाहेर फवारतं. बाहेरून कितीही पुसलं तरी आतपर्यंत काही पोचत नाही. हे मैत्रिणीला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेत तिने लिहिलंही असेल. कागदावर आकडे मांडून तिच्यापुढे ठेवले तेव्हा ती बराच वेळ त्या "५" कडे बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं मावशी करतात सगळं." मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही हाक मारता तेव्हा जो हाताशी असतो तो देते मी."

दोघीही खरं बोलत होत्या. सुई ज्या घाईत टोचली ती हीच घाई होती. हत्यारं कमी, हात एकच, आणि बाहेर बाकावर माणसं.

ऑटोक्लेव्ह तरी काम करतो का, हेही पाहिलं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असलेल्या कुप्या मिळतात. उष्णतेला अतिशय चिवट, म्हणून त्यांच्यावर परीक्षा. एक कुपी सकाळच्या भरणीत ठेवली, जेव्हा दात काढायचे चिमटे आणि दात सैल करायचे एलिव्हेटर नीट अंतर ठेवून लावलेले असतात. दुसरी संध्याकाळच्या भरणीत, जेव्हा पाऊच एकावर एक कोंबलेले असतात. तिसरी ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली, तुलनेला. तिन्ही इन्क्युबेटरमध्ये. दोन दिवसांनी सकाळची कुपी जांभळीच राहिली होती, म्हणजे बीजाणू मेले होते. तुलनेची पिवळी झाली होती, व्हायलाच हवी होती. संध्याकाळची कुपी मी उजेडात धरली तेव्हा वरून जांभळट दिसत होती, पण तळाला पिवळेपणा चढायला लागला होता. मैत्रीण म्हणाली, "थोडीशीच आहे." मी म्हटलं, बीजाणू थोडेसे मेलेले नसतात गं. संध्याकाळपर्यंत ती अख्खी पिवळी झाली.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. साध्या प्रकारच्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ हवेला ढकलत बाहेर काढते. पाऊच दाटीने भरले की मध्ये हवा अडकते आणि तिथे वाफ पोचतच नाही. हँडपीससारख्या पोकळ वस्तूंसाठी तर आधी हवा खेचून घेणारा बी वर्गाचा ऑटोक्लेव्ह जास्त भरवशाचा. दारावरचा काटा १२१ दाखवतो, आतल्या पाऊचला त्याची खबर नसते.

कुपीच्या बुचातली सुई

एक दृश्य मी विसरू शकत नाही. ट्रॉलीवर बधिर करायच्या इंजेक्शनची ३० मिलीची कुपी, दोन टक्के लिग्नोकेन, १:८०,००० अ‍ॅड्रेनॅलिन. तिच्या रबरी बुचात एक सुई तशीच रोवून ठेवलेली. दर वेळी नवी सिरिंज त्या सुईला जोडायची आणि औषध ओढायचं. नवी सिरिंज म्हणजे स्वच्छ, असा समज. पण ती सुई दिवसभर उघडी, कुपीत थेट जाणारी वाट करून ठेवलेली. आणि एखाद्या पेशंटला औषध कमी पडलं की त्याच वापरलेल्या सिरिंजने पुन्हा ओढलं, की सगळ्या कुपीत त्याचं रक्त.

तमिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात २०२३ मध्ये मेंदूपर्यंत गेलेल्या मेलिऑयडोसिस या जिवाणूजन्य आजाराच्या रुग्णांचा माग काढत तपास करणारे एका दातांच्या दवाखान्यापाशी पोचले. आठ जण दगावले होते. बोट दाखवलं गेलं ते सलाईनच्या बाटलीकडे. ती निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडली जायची, सैल बंद करून पुन्हा पुन्हा वापरली जायची. कुपीतली ती सुई बघताना मला तीच बाटली आठवली. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने काही न बोलता सुई उपटून पांढऱ्या डब्यात टाकली आणि कुपी अख्खी फेकून दिली.

एक्स-रेचं थोडक्यात सांगते. परवाना होता, पण यंत्राच्या गुणवत्ता चाचणीला दोन वर्षं उलटून चार महिने झाले होते. ती दर दोन वर्षांनी व्हायलाच हवी. त्याहून वाईट म्हणजे लहान मुलं आरव्हीजीचा, म्हणजे डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर तोंडात धरत नाहीत म्हणून तो मावशी बोटाने धरून बसायच्या, शिशाचा एप्रन नाही, काही नाही. एका दातांच्या एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो. पण तो रुग्णाला एकदा मिळतो, मावशींच्या बोटांना रोज. सेन्सर धरायला होल्डर वापरायचा. फारच गरज पडली तर मुलाच्या आई-वडिलांनी एप्रन घालून धरायचा. कर्मचाऱ्याने कधीच नाही. बटण दाबणाऱ्यानेही किरणांच्या रेषेबाहेर निदान दोन मीटर लांब उभं राहायचं. त्या खोलीत दोन मीटर मिळत नव्हते, दार उघडं ठेवून पॅसेजमधून बटण दाबायची सोय आता केली आहे.

पेशंटना सांगायचं का

इथे आमच्या दोघींचं जमलं नाही, आणि अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

माझं म्हणणं होतं, गेल्या तीन महिन्यांत संध्याकाळी ज्यांना ड्रिल लागलं त्या सगळ्यांना फोन कर. काय झालं ते सरळ सांग, धोका कमी आहे हे सांग, आणि हवी असेल त्याची बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी दवाखान्याच्या खर्चाने करून दे. ती म्हणाली, "ताई, टिळक रस्त्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल. बँकेचे हप्ते चालू आहेत." मला तिची भीती समजते. पुण्यात दातांचा डॉक्टर पेठेतल्या तोंडी गोष्टींवर जगतो. पण तोंड त्या माणसाचं होतं, आणि ज्याच्या तोंडात काय गेलं हे त्याला माहीत नाही, तो निवड करू शकत नाही.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. पुढच्या तपासणीला जो कुणी येईल त्याला खुर्चीत बसवायच्या आधी, केबिनमध्ये समोर बसवून स्वतः सांगायचं. तिने ते केलं. मी दोनदा तिथे होते. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता नीट करता ना?" तिघांनी फाईल मागून घेतली आणि परत आले नाहीत. बऱ्याच जणांनी तपासणी करून घेतली. त्यांचे निकाल त्यांचे आहेत, ते मी इथे लिहिणार नाही. जे तपासणीला परत आलेच नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही. हे मला अजून टोचतं.

काय बदललं

आधी हँडपीस आले. दोनचे सात झाले. खरं तर एका रूट कॅनालच्या बिलात एक बरा एअररोटर येतो. मी हे म्हटल्यावर मैत्रिणीने कपाळावर हात मारला. मग बी वर्गाचा ऑटोक्लेव्ह, हप्त्यावर. संध्याकाळचे पेशंट १६ वरून १२ केले, आणि दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये दहा मिनिटं कोरी ठेवली. मावशींच्या जोडीला संध्याकाळी आणखी एक मुलगी आली. सुई टोचल्याच्या कारणाने घेतलेल्या सुट्टीचा पगार कापायचा नाही असं एका कागदावर लिहून, डॉक्टरांची सही घेऊन तो कागद मावशींकडे दिला. दवाखान्याच्या फाईलमध्ये नाही, मावशींकडे.

सुई उघडी करणारा माणूसच सुई टाकतो, हा नियम झाला. म्हणजे डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर डॉक्टरांनीच ती सुई डब्यात टाकायची, डबा खुर्चीच्या बाजूला हाताच्या अंतरावर. टोपण परत लावायचंच असेल तर एका हाताने, ट्रेवर पडलेल्या टोपणात सुई सरकवून. या एका बदलाने मावशींच्या हातात येणाऱ्या सुया जवळजवळ संपल्या. इतका साधा बदल, आणि मैत्रिणीला तो सगळ्यांत जड गेला. महिनाभर तिचा हात सवयीने ट्रेकडे जायचा.

डब्यांवरचे इंग्रजी तक्ते काढले. तिथे मावशींचेच शब्द आहेत, ठळक अक्षरात: रक्ताचं. रबराचं. टोचणारं. फुटणारं. आणि खाली, छोट्या अक्षरात, "चांदी भरलेला दात : वेगळ्या बरणीत".

रजिस्टर आता मावशी भरतात. चक्र संपल्यावर तिथल्या तिथे, पेन्सिलीने चालेल, पण त्याच वेळी. दर आठवड्याला एक कुपी लावतात आणि तिचा रंग लिहितात. नोव्हेंबरमध्ये एका नोंदीत लिहिलंय, "लाईट गेली, मधेच बंद पडलं, परत लावलं, पेशंट थांबवले." हे वाक्य मी मैत्रिणीला मुद्दाम वाचून दाखवलं.

पाण्याचं काम अजून चालू आहे. खुर्चीच्या बारीक नळ्यांमध्ये जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि हँडपीसमधून येणारं पाणी त्यातून येतं. इटलीत २०११ मध्ये एका ८२ वर्षांच्या बाईंना खुर्चीच्या पाण्यातून लिजिओनेला या जिवाणूची लागण होऊन मृत्यू आला होता. एका मिलिलीटरमध्ये जिवाणूंच्या ५०० पेक्षा जास्त वसाहती नकोत असा दंडक सर्वसाधारणपणे धरतात. पहिल्या खुर्चीचा अहवाल त्याच्या आत आला, दुसरीचा नाही. तिच्या पाण्याच्या बाटलीत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागत होतं. नळ्यांना जंतुनाशकाचा डोस देऊन झालाय, दर पेशंटनंतर वीस-तीस सेकंद पाणी सोडायचं सुरू आहे, नवा नमुना गेलाय.

मावशींच्या सहा आठवड्यांच्या, तीन महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या तपासण्या झाल्या. तिन्ही वेळा मी बरोबर गेले होते, तिन्ही निगेटिव्ह. लसीचा तिसरा डोस मार्चमध्ये झाला, मे महिन्यात प्रतिपिंडं मोजली तर शंभराच्या वर. कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलंय. रिसेप्शनवरच्या मुलीचा दुसरा डोस चुकणार होता, तिला मावशींनीच हाताला धरून नेलं.

यंदा गणपती बसायच्या आधीच मैत्रिणीने कचऱ्याच्या गाडीवाल्याला फोन करून विसर्जनाच्या आठवड्याच्या वेळा लिहून घेतल्या. आदल्या दिवशीची फेरी सकाळी आठचीच आहे. चावी मावशींकडे दिली आहे.